भटकंतीच्या बाजारात जंगलाचा वाटा

नाशिकमध्ये भटकंती हा आता मोठा व्यवहार झाला आहे. पावसाळ्यातल्या रविवारी पहिने, पेगलवाडी, अंजनेरीकडे गाड्यांची रांग लागते. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूने दुर्बिणी आणि हातभर लांबीच्या लेन्स घेऊन लोक उजाडायच्या आत पोचलेले असतात. वैतरणेच्या, गंगापूरच्या पाण्याकाठी तंबू पडतात. हरिहर, साल्हेर, अंकाई-टंकाईला मुंबई-पुण्याहून बस भरून ग्रुप येतात. रकसॅक, कॅरिमॅट, हेडटॉर्च, पावसाळी बूट यांसाठी पूर्वी मुंबईच्या खेपा माराव्या लागत, आता ते सगळे शहरातच मिळते. या व्यवहारात गाडीवाला, ट्रेकचा आयोजक, तंबू भाड्याने देणारा, दुकानदार, मिसळवाला अशा प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला आहे. ज्या डोंगरावर आणि ज्या पाणथळीवर हे सगळे उभे आहे, त्यांचा हिस्सा मात्र कोणी ठरवलेला नाही.

तो ठरवायला हवा, आणि आधी ठरवायला हवा, असे माझे म्हणणे आहे. विक्री झाल्यावर, नफा मोजून झाल्यावर, मन प्रसन्न असेल तर द्यायची देणगी म्हणून नव्हे. तिकिटावर आणि स्टॉलच्या भाड्याच्या पावतीवर छापलेली रक्कम म्हणून. सुरुवात प्रदर्शने आणि महोत्सवांपासून करावी, कारण तिथे विकणारा, घेणारा, भरवणारा आणि परवानगी देणारा हे चौघेही एकाच मैदानावर सापडतात. एरवी हा धंदा इतका विखुरलेला आहे की त्याच्या मागे धावणे कोणत्याही खात्याला जमणार नाही.

मैदानी छंदांच्या प्रदर्शनातून वन्यजीवांसाठी पैसा उभा राहतो, हे अमेरिकेत फार जुने आहे. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शिकारी आणि मासेमारी करणाऱ्यांची प्रदर्शने भरू लागली. मेन राज्यातली कॉर्नेलिया क्रॉस्बी नावाची बाई तिथे आपल्या राज्याच्या जंगलांची जाहिरात करायला जायची. १८९७ मध्ये मेनने वाटाड्यांची नोंदणी सक्तीची केली तेव्हा पहिला परवाना तिला मिळाला. शहरात प्रदर्शन भरवायचे आणि त्यातून जंगलाकाठच्या माणसाला नोंदणीकृत रोजगार द्यायचा, ही सांगड तिथे तेव्हापासून आहे. आजही पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला नऊ दिवसांचे प्रचंड प्रदर्शन भरते. बंदुका, होड्या, गळ, तंबू, सहलींचे आरक्षण सगळे एका छताखाली. रात्री जेवणावळी होतात, लिलाव होतात, आणि त्यातून आलेल्या पैशातून वन्यजीवांसाठी इतके दिले, असे संस्था सांगतात.

पण तिथल्या संवर्धनाचा खरा आधार लिलावाचा पैसा नाही. तो आहे १९३७ चा कायदा, पिटमन-रॉबर्टसन या नावाने ओळखला जाणारा. नेवाडाचे सिनेटर पिटमन आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांनी तो आणला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर त्याआधीच होता. या कायद्याने तो पैसा सरकारच्या मोठ्या तिजोरीत मिसळू न देता वन्यजीवांसाठी बांधून टाकला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर आज ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के. हा कर ग्राहकाच्या हातात वस्तू पडण्याआधी, उत्पादक किंवा आयातदाराकडून घेतला जातो. अलीकडच्या वर्षांत यातून वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या आसपास रक्कम राज्यांना वाटली जाते. १९५० मध्ये मासेमारीच्या सामानासाठी असाच दुसरा कायदा झाला. म्हणजे प्रदर्शनातल्या स्टॉलवर कोणी बंदूक घेतली किंवा गळ घेतला, तर विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात जंगलाचा विचार असो वा नसो, जंगलाचा वाटा आधीच बाजूला पडलेला असतो.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की बाजार फी वसूल होते, तसेच हे आहे. व्यापाऱ्याला त्या दिवशी समितीबद्दल प्रेम वाटते की नाही, हे कोणी विचारत नाही. शेडला पत्रे, आवारात दिवे, पिण्याचे पाणी त्या पैशातून होते आणि ते होत नसेल तर जाब कोणाला विचारायचा हे शेतकऱ्याला माहीत असते.

या कायद्यातल्या दोन अटी मला सर्वांत मोलाच्या वाटतात आणि आपल्याकडे त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. एक अशी की ज्या राज्याला हा पैसा हवा, त्याने आधी स्वतःचा कायदा करायचा: शिकार परवान्यांची फी वन्यजीव खात्याशिवाय दुसरीकडे वळवणार नाही. त्याआधी ती फी रस्त्यांवर आणि इतर कामांवर खर्च होत असे. दुसरी अट खर्चाची. राज्याने आधी काम करायचे, पैसे खर्चायचे आणि मग खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत परत मागायचे. पंचवीस टक्के स्वतःचे घातल्याशिवाय पंचाहत्तर येत नाहीत. वाटपाचे सूत्रही छापील आहे: निम्मे वजन राज्याच्या क्षेत्रफळाला, निम्मे परवानाधारकांच्या संख्येला. कोणाचा मंत्री वजनदार आहे, याला सूत्रात जागा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती, आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. रानटर्की, एल्क, झाडाच्या ढोलीत घरटे करणारी वूड डक ही बदके यांनाही असेच दिवस आले. यात शिकारीवरचे निर्बंध, शेतीतले बदल, जंगलांची वाढ यांचाही वाटा आहे. पण पाहणी, जमीनखरेदी, प्राण्यांचे पुनर्वसन या कामांना वर्षानुवर्षे न चुकता पैसा मिळाला नसता तर नुसत्या बंदीने हे घडले नसते.

आता त्याच प्रदर्शनांची दुसरी बाजू. २०१४ च्या जानेवारीत डॅलसमधल्या एका शिकारी संस्थेच्या संमेलनात नामिबियातला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरला विकला गेला. पैसे नामिबियाच्या वन्यजीव निधीत जाणार होते. वाचवण्यासाठी मारायचे, हे मला पटत नाही आणि पटणार नाही. म्हातारा, प्रजननाच्या पलीकडे गेलेला नर होता, हे उत्तर दिले जाते. ते खरे मानले तरी एका दुर्मीळ जिवाची किंमत लिलावात ठरली की उद्या कोणता जीव लिलावात नाही, हे सांगणारा कोणी उरत नाही. दुसरे उदाहरण यूटा राज्याचे. तिथे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात सोडतीने वाटण्यासाठी राज्याने २०० शिकार परवाने दिले. प्रत्येक अर्जाला ५ डॉलर. अर्ज हजारोंनी येत, पैसे आयोजक संस्थांकडे जमा होत, आणि त्यातले प्रत्यक्ष जंगलात किती गेले याचा हिशोब सुरुवातीला लोकांसमोर नव्हता. आवाज उठवला तो शिकाऱ्यांनीच. मग ठरावीक हिस्सा बांधून द्यावा लागला. 'संवर्धनासाठी' हा शब्द पोस्टरवर लिहायला फुकट मिळतो. हिशोबाची सक्ती नसेल तर त्या शब्दाच्या जोरावर तिकिटे खपतात आणि पैसा आयोजकाकडेच राहतो.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सोडवला आणि ते योग्यच झाले. त्यामुळे अमेरिकेतला पैसे देणारा माणूस, म्हणजे परवानाधारक शिकारी, आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे जंगलात जाणारा माणूस पाठीवर सॅक आणि गळ्यात कॅमेरा घेऊन जातो. या माणसाकडून पैसा कसा घ्यावा, हा प्रश्न खुद्द अमेरिकेलाही सुटलेला नाही. १९९० च्या दशकात तिथे तंबू, दुर्बिणी, रकसॅक, पक्ष्यांचे खाद्य यांवर छोटा कर लावून तो पैसा शिकार न होणाऱ्या प्राण्यापक्ष्यांसाठी वापरावा, अशी मोठी मोहीम झाली. सामान बनवणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने विरोध झाला आणि ती बारगळली. निसर्गावर प्रेम करतो म्हणणाऱ्यांच्या बाजारातून नकार आला आणि बंदूकवाल्यांच्या बाजारातून पैसा येत राहिला, ही गोष्ट आपण ट्रेकर लोकांनी नीट लक्षात घ्यावी. परिणामही झाला. ज्याच्यासाठी पैसे आले त्या हरणाची, टर्कीची, बदकांची काळजी घेतली गेली. बेडूक, वटवाघळे, गवताळ रानातले छोटे पक्षी मागे पडले. मिझुरी राज्याने वेगळा मार्ग काढला. १९७६ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकरात एक टक्क्याचा आठवा भाग निसर्ग संवर्धनासाठी बांधला. आठशे डॉलरच्या खरेदीला एक डॉलर. शिकारी, शिक्षक, आजीबाई, सगळ्यांकडून.

नाशिकमध्ये या पैशाची गरज कुठे आहे? चार ठिकाणी नेऊन दाखवतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

नांदूरमध्यमेश्वर, निफाड तालुका. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांनी बांधलेला बंधारा, त्यात साठलेला गाळ, त्या गाळावर उभी राहिलेली पाणथळ. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. डिसेंबरात सकाळी मनोऱ्यावर उभे राहिले की थापट्या, तलवार बदक, गडवाल यांचे थवे पाण्यावर, जांभळ्या पाणकोंबड्या काठच्या लव्हाळ्यात, आणि वर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. तो खाली आला की सगळे पाणी एकदम उडते. गावातली पोरे गाइड म्हणून उभी असतात. परदेशी पाहुण्या पक्ष्यांची मराठी नावे, शास्त्रीय नावे आणि कुठला पक्षी कोणत्या खाचरात बसला आहे, हे त्यांना तोंडपाठ. पण वर नाशिक शहर आहे. शहराचे सांडपाणी गोदावरीतून खाली येते, त्यावर पानवेली माजते आणि पाणी झाकून टाकते. पानवेली एकदा काढून भागत नाही, दर वर्षी काढावी लागते, आणि 'दर वर्षी' हेच शब्द सरकारी अंदाजपत्रकाला अवघड जातात. एखाद्या वर्षी निधी येतो, मोठे यंत्र येते, फोटो येतात. पुढच्या वर्षी निधी नाही, पानवेली मात्र येतेच.

येवल्याकडे ममदापूर. अवर्षणाचा पट्टा, गवताची माळराने आणि काळविटांचे कळप. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, काळविटे पाण्यासाठी गावाकडे येतात, मग कुत्री मागे लागतात, गाड्यांखाली येतात, विहिरीत पडतात. टँकरने पाणवठे भरणे, कुत्र्यांचा बंदोबस्त, विहिरींना कठडे ही कामे मोठी नाहीत, पण ती एप्रिलमध्येच व्हावी लागतात. ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या पैशाचा काळविटाला उपयोग नाही.

निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे. मादी उसातच विते, उसातच पिले वाढवते, आणि तोडणी सुरू झाली की सगळ्यांचीच पळापळ होते. रात्री कुत्र्यामागे किंवा शेळीमागे धावताना बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. मग सकाळी विहिरीभोवती गाव जमते. वनरक्षक दोरखंडाला बाज बांधून ती खाली सोडतात. थकलेला बिबट्या आधी गुरगुरतो, मग बाजेवर चढून ओला, कापत बसून राहतो. त्यानंतर पिंजरा उतरवायचा. आरडाओरडा करणारे दोनशे लोक काठावर असतात आणि त्या गर्दीला मागे सारणे हे बिबट्या काढण्यापेक्षा कठीण काम असते. हे सगळे एका कठड्याने टळते. गीरच्या परिसरात सिंह उघड्या विहिरीत पडून मरू लागले, तेव्हा गुजरातने गावोगावच्या विहिरींना कठडे बांधून घेतले. आपल्याकडेही ते व्हायला हवे. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला की नुकसानभरपाईचा कायदा आहे. हल्ला होऊ नये म्हणून गोठ्याला जाळी, वस्तीला दिवा, विहिरीला कठडा यांसाठी शेतकऱ्याने स्वतःच्या खिशात हात घालायचा असतो.

आणि हरसूलजवळचे खोरीपाडा. गिधाडांसाठी तिथे मेलेली जनावरे ठेवण्याची जागा केली आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, मेलेल्या गुरांच्या मांसातून, देशातली गिधाडे जवळजवळ संपवली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. औषधाचा अंश नसलेले जनावर गिधाडांना मिळावे, यासाठी आदिवासी पाड्यातल्या लोकांनी वन विभागाबरोबर हे काम उचलले. मेलेले जनावर ओढून नेणे, तपासणे, नोंद ठेवणे हे काम देखणे नाही. त्याचे फोटो कोणी भिंतीवर लावत नाही, त्यामुळे प्रायोजक मिळणे कठीण.

या चारही ठिकाणी थोडा, पण वेळेवर आणि दर वर्षी येणारा पैसा लागतो. देणगी तशी येत नाही. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसाही तसा येत नाही. तो प्रकल्पांच्या मागे जातो, तीन वर्षांनी संचालक बदलले की दुसरीकडे वळतो.

मग कर लावायचा का? रकसॅकवर, तंबूवर राज्याला आता वेगळा कर लावता येणार नाही. वस्तू आणि सेवा कराच्या व्यवस्थेत तो दरवाजा बंद आहे आणि तो उघडा असता तरी मी सुरुवात तिथून केली नसती. पण २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ६२ वी नोंद नव्याने लिहिताना करमणुकीवरचा कर पंचायत आणि नगरपालिकांसाठी शिल्लक ठेवला आहे. म्हणजे तिकीट लावून भरणाऱ्या महोत्सवावर आणि प्रदर्शनावर स्थानिक संस्थेला आकारणी करण्याची वाट घटनेने मोकळी ठेवली आहे; राज्याने तसा कायदा करून द्यायला हवा. तोवर मैदानाच्या परवानगीची अट हे साधन हातात आहेच. डोंगरे वसतिगृहाचे मैदान असो, ठक्कर डोम असो की गोल्फ क्लब, प्रदर्शन भरवणाऱ्याला वीस परवानग्या काढाव्या लागतात. त्यांत एकविसावी अट अशी असावी: भटकंती, साहस, पक्षीनिरीक्षण, कॅम्पिंग यांच्या नावाने प्रदर्शन किंवा महोत्सव भरवायचा असेल, तर स्टॉलच्या भाड्यातला आणि तिकिटातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा द्या, मग मंडपाचे खांब रोवा. नाशिकला प्रदर्शने नवी नाहीत. कृषीथॉनला शेतकऱ्यांची गर्दी होते, सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाला २००८ पासून देशभरातून लोक तिकीट काढून आले, वन विभागाचे पक्षी महोत्सव झाले. भटकंतीचे मोठे प्रदर्शन उद्या कोणीतरी भरवणारच आहे. नियम त्याआधी यावा.

आकडा काय येईल? समजा, शंभर स्टॉल, प्रत्येकी २० हजार भाडे. त्याचे १० टक्के म्हणजे दोन लाख. वीस हजार लोक ५० रुपयांचे तिकीट काढून आले आणि त्यातले २० टक्के बाजूला काढले तर आणखी दोन लाख. एका प्रदर्शनाचे चार लाख. खात्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसणारही नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिचा स्थानिक जैवविविधता निधी, कलम ४३ प्रमाणे, ठेवला आहे. बहुतेक गावांत ती समिती कागदावर आहे, तिने लोकजैवविविधता नोंदवही करून ठेवली आहे आणि खात्यात काही नाही. हे चार लाख अशा दहा गावांत वाटले आणि प्रत्येकाच्या खात्यात दर मार्चला ४० हजार येणार असतील, तर त्या समितीची बैठक होईल. पैसा आल्याशिवाय समिती जिवंत होत नाही, हा ग्रामीण महाराष्ट्राचा साधा अनुभव आहे. ममदापूर, बोरगड, अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे असल्याने तिथे वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ ब प्रमाणे ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असलेली व्यवस्थापन समितीही असते. खर्चाचा आराखडा तिच्या सल्ल्याने व्हावा.

वाटपाच्या सूत्रावर मात्र मी अडून बसेन. गर्दी जिथे जाते तिथे पैसा, असे सूत्र ठरले तर सगळे पहिने आणि हरिहरला जाईल, तिथे पायऱ्या, रेलिंग, सेल्फी पॉइंट होतील आणि त्याला संवर्धन म्हटले जाईल. पैसे देणाऱ्याच्या आवडीनुसार खर्च झाला की काय होते, हे बेडकांच्या आणि वटवाघळांच्या उदाहरणात दिसले आहे. म्हणून निम्मे वजन अधिवासाच्या क्षेत्राला आणि निम्मे गावाने सोसलेल्या झळीला: किती शेळ्या गेल्या, किती विहिरी उघड्या आहेत, किती एकरात काळविटांनी पीक खाल्ले. या सूत्राने ट्रेकरला फारशी न दिसणारी ममदापूर आणि निफाडची वस्ती वर येते. ज्याने जंगली जनावराचा शेजार सोसला, त्याला शहराच्या करमणुकीतून वाटा मिळतो. मला तो न्याय वाटतो.

आणखी एक गोष्ट अमेरिकेकडून उचलण्यासारखी आहे. १९३४ मध्ये तिथे बदकांच्या शिकाऱ्यांसाठी टपालाच्या तिकिटासारखे, एक डॉलरचे तिकीट निघाले. पहिले चित्र काढले डार्लिंग या व्यंगचित्रकाराने, जो तेव्हा सरकारी जीवशास्त्र खात्याचा प्रमुखही होता. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे, दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळींची खरेदी आणि भाडेपट्टा यांवर जातात, आणि साठ लाख एकरांहून अधिक पाणथळ जमीन त्यातून सुरक्षित झाली आहे. शिकार न करणारेही ते विकत घेतात, संग्राहक घेतात, शुल्क असणाऱ्या अभयारण्यात ते वर्षभराचा प्रवेश पास म्हणून चालते. चित्र दर वर्षी स्पर्धेतून निवडतात. नांदूरमध्यमेश्वरचे असे वार्षिक तिकीट का असू नये? शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांची जलरंगाची परंपरा असलेल्या या शहरात दर वर्षी एका पक्ष्याच्या चित्राची स्पर्धा व्हावी. एका वर्षी रोहित, एका वर्षी चमचा, एका वर्षी कमळपक्षी. तिकिटाच्या मागे गेल्या वर्षीचा हिशोब छापावा: इतके जमले, इतक्या ट्रॉल्या पानवेली काढली, इतके गाइडांच्या प्रशिक्षणाला. बंदूक नको, लिलाव नको, कोणाचा जीव नको.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत. सर्वांत जड आक्षेप गर्दीचा आहे. प्रदर्शन भरवा, लोकांना सामान विका, म्हणजे आणखी लोक डोंगरावर चढतील. अंजनेरीच्या पठारावर, जिथे सेरोपेजिया अंजनेरिका ही जगात अगदी थोड्या जागी उगवणारी वनस्पती आहे, तिथे आणखी बूट फिरतील. पैसा मिळवण्यासाठी गर्दी वाढवायची आणि गर्दीचे नुकसान भरण्यासाठी पैसा खर्चायचा, हे चक्र आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. म्हणूनच पैसा गर्दीशी बांधलेला नसावा आणि त्या पैशातला काही भाग गर्दी मोजण्यासाठी आणि थांबवण्यासाठी वापरावा. फुलोऱ्याच्या आठवड्यांत पठार बंद ठेवणे, पायथ्याशी गावातला माणूस नेमणे, वरच्या संख्येला मर्यादा घालणे यालाही मजुरी लागते. काही गडांच्या पायथ्याशी वन विभाग किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समिती माणशी पावती फाडते. ती पावती नुसती प्रवेशाची किंमत राहिली तर गर्दी वाढेल. त्या दिवसाची जागा मर्यादित आहे हे सांगणारी झाली तर कमी होईल. पण लक्षात घ्या, गर्दी प्रदर्शनाची वाट बघत थांबलेली नाही. ती आलेली आहे. आज ती काहीही न देता येते.

दुसरा आक्षेप असा की हे सरकारचे काम आहे, आम्ही कर भरतोच. सरकारचे काम आहे, हे खरे. आणि म्हणूनच अमेरिकेतल्या त्या अटीसारखी अट इथे हवी: हा पैसा आला म्हणून खात्याचा नेहमीचा निधी कमी करायचा नाही. तसा लेखी शब्द मिळाला नाही तर ही योजना मी स्वतः नाकारेन. नाहीतर चार लाख दिले म्हणून आठ लाख कापले जातील.

लोक देणार नाहीत, असे काही आयोजक म्हणतात. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना कोणी बोलावणे धाडले नव्हते. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रोपवेविरुद्ध निवेदने देणारी मंडळी नोकरी-धंदा सांभाळून गिधाडांची घरटी मोजत होती. अशा शहरात ५० रुपयांच्या तिकिटातले १० रुपये जंगलाला जातात म्हणून कोणी परत फिरेल, यावर माझा विश्वास नाही. परत फिरेल तो हिशोब न दिसल्यामुळे. म्हणून हिशोब प्रवेशद्वाराशीच लावावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, गावांच्या नावांसह.

दिवाळीनंतर प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी महापालिका, जिल्हा परिषद आणि वन विभागाची वन्यजीव शाखा यांनी एकत्र बसून परवानगीच्या अर्जात ही एक अट घालावी, आणि ममदापूर, निफाड, हरसूल, चापडगाव परिसरातल्या जैवविविधता समित्यांची खाती सुरू आहेत की नाहीत, हे त्याच बैठकीत तपासून घ्यावे. ट्रेकिंग क्लब, सायकलवाले, पक्षीमित्र आणि दुकानदार यांनी तोवर आपापल्या कार्यक्रमांच्या तिकिटावर हा हिस्सा स्वतःहून छापायला सुरुवात करावी, आणि वर्षाच्या शेवटी कोणत्या गावाला किती गेले, ते प्रसिद्ध करावे.